उपाहारगृहांना मायक्रोग्रीन्स पुरवताना: पेरणीचे वार, दर्जा आणि हिशोब

ट्रेवाला

मायक्रोग्रीन्सचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा 'कोणते बियाणे घ्यावे' हा असतो. माल उपाहारगृहांना विकायचा असेल, तर हा प्रश्न बराच नंतर यायला हवा, असे माझे मत आहे. मुळा कोणालाही उगवता येतो. ठरलेल्या वारी, ठरलेल्या उंचीचा आणि ठरलेल्या वजनाचा मुळा आठवड्यामागून आठवडे देत राहणे हे निराळे काम आहे, आणि शेफ पैसे मोजतो ते या दुसऱ्या कामाचे. म्हणून येथे मी उलट्या दिशेने लिहिणार आहे: आधी स्वयंपाकघराची गरज, मग कापणी आणि सर्वांत शेवटी पेरणी.

नवख्या वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. मोड आलेले बी आणि मायक्रोग्रीन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोड ओलाव्यावर, बहुतेक वेळा अंधारातच वाढवतात आणि ते बी व मुळासकट खाल्ले जातात. मायक्रोग्रीन्स माध्यमात, म्हणजे माती किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांत रुजतात, उजेडात हिरवी होतात आणि बीजपत्रे, म्हणजे बीमधून सर्वांत आधी निघणारी पाने, पूर्ण उघडल्यावर किंवा पहिली खरी पाने डोकावू लागताच मुळांच्या वर कापली जातात. पिकाप्रमाणे त्याला एक ते तीन आठवडे लागतात.

आता स्वयंपाकघराकडे वळू. पदार्थावर वरून ठेवायची पाने एका ताटलीला दोन ते चार ग्रॅमच लागतात. समजा, एखाद्या उपाहारगृहात रोज 80 ताटल्यांवर प्रत्येकी 3 ग्रॅम पाने जातात आणि ते आठवड्यातून 6 दिवस उघडे असते, तर आठवड्याची गरज 1440 ग्रॅम झाली. नेहमीच्या 10 बाय 20 इंची ट्रेमधून मुळ्याचा साधारण 300 ग्रॅम माल निघतो, म्हणजे एका चांगल्या ग्राहकासाठी आठवड्याला पाच ट्रे पुरतात. हे गणित आधी केले की दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, एकदोन उपाहारगृहांवर व्यवसाय उभा राहत नाही. दोन, ग्राहक एकमेकांच्या जवळ असावे लागतात, कारण फेरीचा खर्च 300 ग्रॅमलाही तितकाच आणि तीन किलोलाही तितकाच येतो.

शेफला भेटायला जाताना दर्जेदार नमुना न्यावा हे सगळेच सांगतात, पण वेळेबद्दल फारसे कोणी बोलत नाही. दुपारच्या जेवणाची गर्दी ओसरल्यावर आणि संध्याकाळची तयारी सुरू होण्याआधी जो तास-दीड तास मिळतो, तोच आपला. भर गर्दीत दारात उभ्या राहिलेल्या विक्रेत्याला पुन्हा भेटीची वेळ क्वचितच मिळते. भेटीत आपण काय काय उगवतो याची यादी वाचून दाखवण्यापेक्षा सध्या कोणत्या पदार्थांवर काय ठेवले जाते, ते कोठून येते आणि त्यात काय खटकते, हे विचारावे. उत्तर बहुधा भावाबद्दल नसते. माल वेळेवर येत नाही, दोन दिवसांत मलूल होतो किंवा एका खेपेला पाने बारीक तर दुसऱ्या खेपेला राठ असतात, अशा तक्रारी निघतात.

ऑर्डर निश्चित झाली की कॅलेंडर घेऊन मागे मोजायचे. माल मंगळवारी सकाळी द्यायचा असेल, तर कापणी सोमवारी संध्याकाळी. मुळ्याला पेरणीपासून आठ दिवस लागत असतील, तर पेरणी आदल्या आठवड्यातील रविवारी. वाटाण्याच्या कोंबांना अकरा दिवस लागत असतील, तर त्यांचे बी त्याच्याही आधीच्या गुरुवारी ट्रेमध्ये पडायला हवे, म्हणजेच ते बुधवारी रात्री भिजत घालायला हवे. प्रत्येक पिकासाठी असा एक 'पेरणीचा वार' निघतो आणि तो भिंतीवर लिहून ठेवावा लागतो. शिवाय हवा थंड झाली की हेच वेळापत्रक एक-दोन दिवसांनी लांबते. त्यामुळे खोलीचे तापमान 18 ते 24 अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवता येणे ही हौस नसून पुरवठ्याची अट आहे.

गरजेपेक्षा दहा ते पंधरा टक्के जास्त पेरावे. जास्तीचा माल नमुना म्हणून देता येतो. कमी पडलेला माल मात्र कोठूनही आणता येत नाही.

पालवी

लेख उपयुक्त आहे. मी सध्या घरच्यापुरतेच उगवते, परंतु दोन उपाहारगृहांनी विचारणा केल्यामुळे गांभीर्याने विचार करत आहे. माझी अडचण अशी आहे की मुळा आणि मोहरीच्या ट्रेमध्ये तिसऱ्या दिवशी मुळांभोवती पांढरी, कापसासारखी लव दिसते. बुरशी समजून मी असे ट्रे टाकून देते. विक्री सुरू झाल्यावर हे परवडणार नाही. यावर काही औषध आहे का? पेरल्यावर पहिले काही दिवस ट्रे अंधारात ठेवून त्यावर वजन ठेवतात, त्याचे नेमके कारणही समजून घ्यायचे आहे.

बीजांकुर

पालवी, आपण बहुधा निरोगी ट्रे टाकून देत आहात. मुळा, मोहरी, ब्रोकोली, कोबी या कुळातील रोपांना तिसऱ्या दिवसाच्या आसपास भरपूर मूलरोम, म्हणजे मुळांवरचे बारीक केस, फुटतात. ओळखण्याची रीत सोपी आहे. ट्रे उजेडात धरून नीट पाहावे: लव जर प्रत्येक मुळाभोवती स्वतंत्रपणे, बाटलीच्या ब्रशाच्या केसांसारखी, मुळाला चिकटून असेल, तर ते मूलरोम आहेत. त्यावर पाण्याचा हलका फवारा मारला की ते मुळाला चिकटून दिसेनासे होतात आणि थोडे कोरडे झाल्यावर पुन्हा दिसू लागतात. बुरशी मात्र एका रोपावरून दुसऱ्या रोपावर, बियांच्या टरफलांवरून आणि माध्यमाच्या पृष्ठभागावरून जाळे विणत पसरते, फवाऱ्याने नाहीशी होत नाही आणि तिला कुबट वास येतो. वास हे फार विश्वासू लक्षण आहे. निरोगी ट्रेला ओल्या मातीचा किंवा त्या भाजीचाच वास असतो.

खरी बुरशी आढळली, तर औषधाच्या मागे लागू नये. सात-आठ दिवसांत कच्चेच खाल्ले जाणार असलेल्या पिकावर बुरशीनाशक मारण्याचा प्रश्नच येत नाही. कारणे बहुधा तीनच असतात: बी फार दाट पडले आहे, वरून पाणी दिले जात आहे किंवा हवा खेळत नाही. रोपे उगवून आल्यावर पाणी नेहमी खालून द्यावे. म्हणजे भोकांचा ट्रे बिनभोकांच्या ट्रेमध्ये ठेवून खालच्या ट्रेत पाणी ओतावे आणि अर्ध्या तासात जे शोषले जाणार नाही ते काढून टाकावे. एक लहान पंखा सतत मंद वेगाने फिरत ठेवला, तर निम्म्याहून अधिक तक्रारी आपोआप थांबतात. रोपे बुडख्याशी बारीक होऊन गटागटाने आडवी पडत असतील, तर तो मर रोग आहे. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या मातीतील सूक्ष्मजीवांमुळे तो होतो. तो ट्रे माध्यमासकट बाहेर काढावा आणि रिकामा ट्रे घासून, निर्जंतुक करूनच पुन्हा वापरावा.

वजनाचे कारण असे आहे की बी माध्यमाला घट्ट टेकले, तर मुळे वर उचलली न जाता खाली शिरतात, आणि वजन ढकलत वर येताना खोड जाड होते. सूर्यफूल आणि वाटाणा यांना दोन-तीन किलो वजन आरामात चालते. सूर्यफुलाच्या बाबतीत तर त्यामुळे टरफलेही बऱ्याच प्रमाणात सुटतात. राजगिरा किंवा बेसिल यांसारख्या नाजूक बियांवर मात्र फक्त झाकण पुरे.

भिजवण्याबाबतही असाच भेद आहे. वाटाणा आणि सूर्यफूल आठ ते बारा तास भिजवावेत. बेसिल, हालीम आणि अरुगुला यांच्या बियांभोवती पाणी लागताच बुळबुळीत थर तयार होतो, त्यामुळे त्या भिजवल्या तर त्यांचा गोळा होतो आणि पेरताच येत नाहीत. त्या कोरड्याच, ओल्या माध्यमावर एकसारख्या पसराव्यात.

बियाण्याच्या प्रमाणाबद्दल अनेकदा विचारले जाते, म्हणून माझे अंदाज देतो. वर उल्लेखलेल्या आकाराच्या एका ट्रेला मुळा 25 ते 35 ग्रॅम, ब्रोकोली 15 ते 20 ग्रॅम, राजगिरा सुमारे 10 ग्रॅम, सूर्यफूल 100 ते 150 ग्रॅम आणि वाटाणा 200 ते 300 ग्रॅम, सगळे कोरड्या बियांचे वजन. वाण आणि बियांचा आकार बदलला की हे आकडे बदलतात. नवीन पिशवी उघडली की एक ट्रे चाचणीसाठी लावावाच.

भटारखाना

मी ट्रेच्या पलीकडच्या बाजूचा, म्हणजे स्वयंपाकघरातला आहे आणि अनेक वर्षे मायक्रोग्रीन्स विकत घेत आलो आहे. ट्रेवाला यांनी भेटीच्या वेळेबद्दल लिहिले ते शंभर टक्के खरे आहे. काही गोष्टी त्यात भर म्हणून मांडतो.

आम्हाला चव हवी असते आणि ती चव ताटलीवर काहीतरी करणारी हवी. मुळ्याचा तिखटपणा तेलकट पदार्थाला उठाव देतो. वाटाण्याचे कोंब गोडसर आणि कुरकुरीत असतात. राजगिऱ्याचा किरमिजी रंग पांढऱ्या किंवा पिवळ्या पदार्थावर खुलतो, पण त्याला स्वतःची चव जवळजवळ नसते. विक्रेत्याने स्वतःचा माल स्वतः चाखलेला असावा, ही अपेक्षा अवाजवी नाही, तरीही बीट आणि राजगिरा यांच्या चवीतला फरक सांगता न येणारे विक्रेते मला भेटले आहेत.

उंची एकसारखी असणे फार महत्त्वाचे आहे. संध्याकाळी ताटली सजवणाऱ्या माणसाजवळ प्रत्येक ताटलीसाठी काही सेकंदच असतात. तो डब्यात चिमटा घालतो आणि जे येईल ते ठेवतो. त्यात एक पान लांब, एक आखूड, एकाला टरफल चिकटलेले, असे असेल तर त्याला निवडत बसावे लागते आणि मग तो माझ्याकडे येऊन सांगतो की उद्यापासून कोथिंबीर चिरून टाकू. सूर्यफुलाचे टरफल दाताखाली आले, तर ग्राहक ते काढून ताटलीच्या कडेला ठेवतो आणि आमची ताटली तशीच परत येते. कापणीच्या आदल्या दिवशी हलका फवारा मारून टरफले मऊ करावीत आणि तळहात पानांवरून अलगद फिरवून ती झाडून घ्यावीत. हे कंटाळवाणे काम आहे. पण सूर्यफुलाचा भाव वसूल होतो तो याच कामामुळे.

डब्यावर पिकाचे नाव आणि कापणीची तारीख हवी. तारीख नसलेला डबा शीतकपाटात मागे सरकतो, आणि सापडतो तेव्हा त्याचे पाणी झालेले असते. दोष मग माल पुरवणाऱ्यावर येतो, तो योग्य असो वा नसो.

न कापलेले, म्हणजे वाढते ट्रे देण्याचा प्रस्ताव अनेक जण मांडतात. ऐकायला छान वाटते. प्रत्यक्षात आमच्याकडे ट्रे ठेवायला जागा नसते, पाणी घालायची आठवण कोणाला राहत नाही आणि माती किंवा कोकोपीट तयारीच्या ओट्याजवळ येऊ देणे स्वच्छतेच्या दृष्टीने मला मान्य नाही. ज्यांच्याकडे ग्राहकांसमोर कापून देण्याची पद्धत आहे त्यांची गोष्ट वेगळी.

पालवी

बीजांकुर, आज फवारा मारून पाहिला. लव खरोखरच दिसेनाशी झाली. आभार.

भटारखाना, कापलेला माल धुऊन द्यावा की न धुता? आणि तो शीतकपाटात किती दिवस टिकावा, अशी आपली अपेक्षा असते?

भटारखाना

माझी पसंती न धुतलेल्या, स्वच्छ आणि कोरड्या मालाला आहे. वापरण्यापूर्वी आम्ही लागेल तेवढाच धुतो. धुतलेली पाने पूर्ण कोरडी करणे फार अवघड असते आणि ओलसर पाने डब्यात दोन दिवसांत काळवंडतात. काही ठिकाणी धुतलेलाच माल मागतात, तेव्हा आधी विचारून घ्यावे. माल कोरडा निघण्यासाठी कापणीपूर्वी आठ-दहा तास पाणी देणे थांबवावे. धारदार सुरी वापरावी. बोथट कात्रीने देठ चिरडला जातो आणि तेथूनच सडायला सुरुवात होते.

टिकण्याबद्दल म्हणाल, तर कापल्यावर लगेच थंड करून सुमारे 4 अंशांवर ठेवलेला मुळा, वाटाणा किंवा कोबी आठवडाभर उत्तम राहतो. मी आठवड्यातून दोनदा माल घेतो, त्यामुळे मला पाच दिवसही पुरतात. बेसिलचा मात्र अपवाद आहे. ते उष्ण हवामानातले पीक असल्याने 10 अंशांच्या खाली त्याला थंडी बाधते आणि पाने काळी पडतात. ते इतर मालाबरोबर त्याच थंड पेटीत आणणाऱ्याला मी दोनदा समजावतो, तिसऱ्यांदा बेसिल घेत नाही.

हिशोबनीस

या विषयावर उत्पन्नाचे फुगवलेले आकडे सर्वत्र फिरत असतात, म्हणून हिशोबाची पद्धत मांडतो. रक्कम प्रत्येकाने आपापल्या ठिकाणची घालावी.

बहुतेक जण एका ट्रेचा खर्च काढतात, त्यातून निघणाऱ्या वजनाला भावाने गुणतात आणि फरकाला नफा म्हणतात. यात दोन चुका आहेत. पहिली म्हणजे भागाकार उगवलेल्या वजनाने न करता विकलेल्या वजनाने करायला हवा. दहा ट्रे पेरले आणि सातच विकले गेले, तर विकलेल्या प्रत्येक ट्रेवर प्रत्यक्षात जवळजवळ दीड ट्रेचा खर्च बसतो. सुरुवातीच्या काळात ही नासाडी सर्वांत मोठा खर्च असतो आणि तो कोणत्याही पावतीवर दिसत नाही.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. आपण खरोखर विकतो ती मांडणीवरची उजेडातील जागा. मुळ्याचे आठ दिवस धरले, तर त्यांतले तीन दिवस ट्रे एकावर एक रचून अंधारात असतात आणि पाचच दिवस उजेडातील जागा अडते. कोथिंबिरीला उगवायलाच वेळ लागतो. ती तीन आठवड्यांच्या आसपास घेते आणि त्यांतले किमान तेरा दिवस उजेडात असते. म्हणजे कोथिंबिरीच्या ट्रेने मुळ्याच्या ट्रेच्या अडीच पटींहून अधिक उत्पन्न दिले, तरच ती बरोबरीला येते. शेफ कोथिंबिरीला मुळ्यापेक्षा थोडा जास्त भाव देतो, एवढ्यावर खूश होऊन मांडणी तिने भरून टाकू नये. प्रत्येक पिकाचे 'दर ट्रे, दर उजेडाचा दिवस' उत्पन्न काढावे. यादीतील एक-दोन पिके आपोआप गळतात.

विजेची भीती मात्र अनाठायी आहे. चार फूट बाय दोन फूट आकाराच्या चार खणांची मांडणी, प्रत्येक खणात 20 वॅटच्या दोन एलईडी नळ्या, रोज 16 तास, असे धरले तर दिवसाला 2.56 युनिट होतात. अशा मांडणीत 16 ट्रे बसतात, म्हणजे पाच दिवस उजेडात राहणाऱ्या ट्रेच्या वाट्याला 0.8 युनिट येते. खोली थंड किंवा गरम राखण्याचा खर्च यात धरलेला नाही. जेथे तो लागतो तेथे तोच मुख्य ठरतो.

बियाण्याचा वाटा पिकानुसार कमालीचा बदलतो. वाटाण्याचे बी स्वस्त असले तरी एका ट्रेला पाव किलो लागते. बेसिलचे बी महाग असले तरी चिमूटभर पुरते. किरकोळ पाकिटे घेऊन हा व्यवसाय होत नाही, आणि एकदम वर्षभराचे बी घेणेही शहाणपणाचे नाही, कारण ओलसर हवेत उगवणशक्ती घटते. बंद डब्यात, थंड आणि कोरड्या जागी राहील तेवढेच घ्यावे.

राहिली मजुरी. ट्रे धुणे, माध्यम भरणे, कापणे, तोलणे, डबे भरणे, पोहोचवणे आणि पैसे मागत फिरणे, या सगळ्याचे तास लिहून ठेवावेत. स्वतःच्या श्रमाला शून्य किंमत धरून दाखवलेला नफा मी हिशोबात घेत नाही.

रोपटे

दोन शंका आहेत. मायक्रोग्रीन्समध्ये पूर्ण वाढलेल्या भाजीच्या चाळीस पट पोषण असते, असे सर्वत्र लिहिलेले दिसते. हे वेष्टनावर छापावे का? आणि बियांची निवड करताना कोणती पिके टाळावीत?

बीजांकुर

'चाळीस पट' हा आकडा कोठून आला ते पाहिले, तर त्याचा मोह आवरेल. 2012 मध्ये अमेरिकेत 25 प्रकारच्या मायक्रोग्रीन्सचे जीवनसत्त्वांसाठी विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात लाल कोबीमध्ये क जीवनसत्त्व सर्वाधिक, लाल राजगिऱ्यात के जीवनसत्त्व, हिरव्या डायकॉन मुळ्यात ई जीवनसत्त्व आणि कोथिंबिरीत कॅरोटिनॉइडांपैकी (वनस्पतींतील पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्यांपैकी) काही द्रव्ये अधिक आढळली. म्हणजे प्रत्येक पीक वेगळ्या बाबतीत पुढे आहे आणि चाळीस पट हे काही तुलनांतील वरचे टोक आहे. सगळ्या पानांना आणि सगळ्या पोषकद्रव्यांना ते लागू नाही. ब्रोकोलीच्या कोवळ्या रोपांत आरोग्याला हितकर द्रव्य कित्येक पटींनी जास्त असते, असे जे सांगितले जाते त्याचा उगम 1997 च्या संशोधनात आहे आणि ते तीन दिवसांच्या मोडांवर, एका विशिष्ट द्रव्यासंबंधी होते. शिवाय ही तुलना समान वजनाची आहे, आणि ताटलीवर जातात तीन ग्रॅम. माझ्या मते उपाहारगृहाला विकताना पोषणाचा मुद्दा काढूच नये; शेफ त्यासाठी घेत नाही. आरोग्याचे दावे छापण्याबाबत आपापल्या ठिकाणचे अन्नविषयक कायदे पाहावेत, ते बहुतेक ठिकाणी कडक आहेत.

टाळायच्या पिकांचे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. टोमॅटो, वांगे, मिरची, बटाटा या कुळातील कोवळी रोपे खाऊ नयेत, त्यांत विषारी अल्कलॉइडे असतात. ज्वारीच्या कोवळ्या रोपांत सायनाइड मुक्त करणारे द्रव्य असते. राजम्याच्या कच्च्या कोंबांत लेक्टिने, म्हणजे पोट बिघडवू शकणारी प्रथिने, असतात. बकव्हीटच्या (कुट्टूच्या) हिरव्या पानांत फॅगोपायरिन नावाचे द्रव्य असते आणि ती जास्त प्रमाणात खाल्ल्यास त्वचा उन्हाला संवेदनशील होऊ शकते, म्हणून ती रोजच्या पुरवठ्याच्या यादीत न ठेवलेली बरी.

पेरणीसाठी प्रक्रिया केलेले, म्हणजे गुलाबी, निळ्या किंवा हिरव्या रंगाचे औषध चोळलेले बियाणे कधीही वापरू नये. रंग धुऊन टाकला की चालेल, असे कोणी सांगितले तरी ऐकू नये. मायक्रोग्रीन्ससाठीच किंवा खाण्यासाठी म्हणून विकले जाणारे, खेपेचा क्रमांक असलेले बी घ्यावे, आणि कोणत्या ट्रेत कोणत्या खेपेचे बी गेले याची नोंद ठेवावी.

या नोंदीचा कंटाळा करणाऱ्यांसाठी दोन घटना नमूद करतो. 1996 मध्ये जपानमधील साकाई शहरात हजारो शाळकरी मुले ई. कोलाय ओ157 या जिवाणूमुळे आजारी पडली आणि संशय पांढऱ्या मुळ्याच्या मोडांवर आला. 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलाय ओ104 च्या साथीत 50 हून अधिक मृत्यू झाले. तिचा माग मेथीच्या मोडांपर्यंत आणि तेथून बियांच्या खेपेपर्यंत काढला गेला. दोन्ही घटना मोडांच्या आहेत, मायक्रोग्रीन्सच्या नव्हेत, आणि मायक्रोग्रीन्समध्ये धोका कमी समजला जातो, कारण आपण मुळांच्या वर कापतो आणि रोपे उजेडात, खेळत्या हवेत वाढतात. परंतु जिवाणू बियांवरून येऊ शकतात हे दोन्हींना सारखेच लागू आहे. पिण्यायोग्य पाणी, प्रत्येक वापरानंतर निर्जंतुक केलेले ट्रे, कापणीच्या वेळी धुतलेले हात आणि झाकलेले केस यांत तडजोड नको. पोट बिघडलेल्या माणसाने त्या दिवशी कापणी करू नये, मग ऑर्डर कितीही मोठी असो.

ट्रेवाला

चर्चा चांगली पुढे गेली आहे. पैसे आणि करार यांबद्दल मूळ लेखात लिहायचे राहिले होते, ते येथे लिहितो.

उपाहारगृहांत उधारी चालते आणि नवीन पुरवठादाराला ती नाकारता येत नाही, पण तिची मर्यादा पहिल्याच दिवशी ठरवता येते. मी दर खेपेला सही केलेली पोचपावती घेतो आणि दर आठवड्याला बिल देतो. चार आठवड्यांची थकबाकी झाली की पुढचा ट्रे पेरत नाही. येथे या पिकाचा स्वभाव उपयोगी पडतो: पेरणी थांबवली, तरी आठ-दहा दिवस माल जात राहतो, त्यामुळे तोडण्याची भाषा न करता बोलायला वेळ मिळतो.

शेफ नोकरी बदलतात. नवा शेफ आला की ताटल्या बदलतात आणि आपली ऑर्डर एका दूरध्वनीवर बंद होते, त्या वेळी मांडणीवर दोन आठवड्यांचा माल उभा असतो. म्हणून ऑर्डर कमी करायची असल्यास दहा दिवस आधी कळवावे, ही अट मी लेखी ठेवतो. सगळेच पाळतात असे नाही. दुसरा बचाव म्हणजे कोणत्याही एका ग्राहकाकडे एकूण मालाच्या एक तृतीयांशाहून अधिक माल जाऊ न देणे. आणि जुना शेफ नव्या ठिकाणी कोठे गेला, हे विचारून ठेवावे. त्याला आपला माल आधीच माहीत असतो.

पालवी

आता माझा बेत असा आहे: पहिल्या उपाहारगृहाला मुळा आणि वाटाणा, दुसऱ्याला मुळा आणि राजगिरा. दोन्हींना मंगळवारी आणि शुक्रवारी. एकच मांडणी आहे, सोळा ट्रेंची. हे झेपेल का?

हिशोबनीस

दोघांची मिळून आठवड्याची मागणी किलोंत कळल्याशिवाय नेमके सांगता येणार नाही, पण पद्धत अशी आहे. समजा, आठवड्याला मुळा दोन किलो, वाटाणा एक किलो आणि राजगिरा 300 ग्रॅम लागतो. मुळ्याचे सात ट्रे. जास्तीचा धरून आठ. वाटाण्याचा ट्रे 400 ग्रॅम देतो असे धरले, तर तीन. राजगिऱ्याचा ट्रे जेमतेम 100 ग्रॅम देतो, म्हणजे तीन. जास्तीचा धरून चार.

आता उजेडाचे दिवस पाहा. मुळा 8 गुणिले 5, म्हणजे 40. वाटाणा 3 गुणिले 7, म्हणजे 21. राजगिरा 4 गुणिले 9, म्हणजे 36. एकूण 97. आपल्या मांडणीत आठवड्याला 16 गुणिले 7, म्हणजे 112 ट्रे-दिवस उपलब्ध आहेत. बसते, पण मोकळी जागा फारशी उरत नाही, आणि थंडीने एक-दोन दिवस वाढले की तीही जाईल. 36 ट्रे-दिवस घेऊन 300 ग्रॅम देणाऱ्या राजगिऱ्याकडे संशयाने पाहावे, असे मी सुचवेन. त्याचा भाव मुळ्याच्या सहा पटींच्या आसपास मिळत नसेल, तर दुसऱ्या ग्राहकाला लाल कोबी देऊन पाहावी. रंग जांभळा मिळतो आणि वजन जवळजवळ दुप्पट.

भटारखाना

लाल कोबी चालेल, असे त्या शेफच्या वतीने मी सांगू शकत नाही. किरमिजी रंगासाठीच राजगिरा मागितला असेल, तर कोबीचा जांभळा देठ आणि हिरवट पान त्याची जागा घेणार नाही. दोन्हींचे नमुने एकाच दिवशी न्यावेत आणि भाव सांगूनच दाखवावेत. निवड शेफला करू द्यावी.

पालवी

पुढच्या आठवड्यात दोन्ही नमुने एकदम तयार हवेत, तर राजगिरा आजच पेरायला हवा आणि कोबी दोन दिवसांनी. कॅलेंडरवर तशी नोंद केली आहे. शेफचे उत्तर आले की किलोंचे आकडे येथे देईन.